मदत हवी आहे: गावातले कॅन्सरचे आकडे कसे वाचायचे? (धाराशिव-बीड)

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. भूम तालुक्यातलं आमचं गाव, वस्ती साधारण 3200. गेल्या तीन वर्षांत गावात कॅन्सरचे नऊ पेशंट झाले, त्यातले चार गेले. आता ग्रामसभेत ठराव येतोय की फवारणीच्या औषधांनी बोअरचं पाणी नासलंय आणि त्यानंच हे सगळं होतंय. पाणी तपासायला माझी ना नाही, ते व्हायलाच पाहिजे. पण ठरावात 'कॅन्सरचं प्रमाण राज्यात सर्वाधिक' असं वाक्य घालायचंय, आणि मास्तर म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

आकडे शोधायला बसलो तर भलतंच निघालं. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा 2020 चा अहवाल आहे, आकडे 2012 ते 2016 चे. त्यात देशातल्या 28 नोंदणी केंद्रांमध्ये सगळ्यात कमी दर कुठं, तर उस्मानाबाद-बीडला! वर्षाला दर लाखी पुरुष 39.5 आणि स्त्रिया 49.4. सगळ्यात जास्त पुरुषांचा दर मिझोरममधल्या ऐझॉलला, 269.4.

आपल्याकडं हा रोग खरंच इतका कमी आहे, की सापडतच नाही? हे आकडे 'वयानुसार समायोजित' आहेत म्हणजे काय केलंय? आमचे नऊ याच्याशी ताडायचे कसे? आणि रोग किती जीवघेणा आहे हे नेमकं कशावरून ठरवतात? सोप्या भाषेत सांगा, मी मराठी शिकवतो.

टवाळ_पाटील

मास्तर, द्या लिहून. ग्रामसभेत लाखी दर कोण विचारतंय? चहा आला की ठराव मंजूर.

बार्शीलाईट

पाटील, थांबा जरा. मी काही वर्षं नोंदणीच्या फील्डवर काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरलेल्या भागात राहणाऱ्या प्रत्येक पेशंटची नोंद, मुंबईची. इंडियन कॅन्सर सोसायटीनं ती 1963 मध्ये सुरू केली, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं. पण शहरात पेशंट स्वतःहून हॉस्पिटलात येतो. खेड्यात तो घरीच बसतो, देवर्षी करतो, शेवटी गपचूप जातो. त्यामुळं 1987 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलात ग्रामीण नोंदणी सुरू झाली तेव्हा पद्धतच उलटी ठेवली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं घेतली आणि कर्मचारी गावोगाव फिरू लागले. पारावर बसायचं, लक्षणं समजावून सांगायची, बायकांचा अंगावरून जाण्याचा त्रास, तोंडातला न भरणारा व्रण यांची विचारपूस करायची, संशय आला तर बार्शीला तपासणीला न्यायचं. जोडीला हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब आणि ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर. एकच माणूस बार्शीत, सोलापुरात आणि टाटाला दिसला तरी नोंद एकच राहते. आणि तो त्या भागात किमान वर्षभर राहणारा हवा.

म्हणून 'सापडतच नाही' हे मला पूर्ण पटत नाही. काही तरी निसटतं, पण ऐझॉलचा फरक निव्वळ निसटण्याचा नाही. तिकडं तंबाखू प्रचंड, तंबाखूच्या धुराचं पाणीसुद्धा तोंडात धरतात, धुरावलेलं मांस खातात. पोटाचा कॅन्सर तिथं फार आहे.

आकडेमोड

समायोजनाचं मी सांगतो. कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा. 2011 च्या जनगणनेत केरळात साठीपुढचे 12.6 टक्के, बिहारात 7.4. सरळ भागाकार केला तर केरळात कॅन्सर जास्त दिसणारच, माणसं म्हातारी आहेत म्हणून. ते टाळायला प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढतात आणि सगळ्यांना एकाच ठरावीक वयरचनेची वजनं लावतात. आपल्याकडं 1960 च्या सुमाराची जागतिक प्रमाण लोकसंख्या वापरतात. म्हणजे 39.5 हा आकडा तुलनेसाठी घडवलेला. 'आमच्या लाखात इतके पेशंट' असा त्याचा थेट अर्थ होत नाही. अंदाजाला मात्र चालतो.

आता तुमचं गाव. स्त्री-पुरुष मिळून 45 धरू. 3200 वस्तीला वर्षाला दीडाच्या आत, तीन वर्षांत 4.3 नवे पेशंट अपेक्षित. तुमचे नऊ म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, पण असे नऊ किंवा अधिक निव्वळ योगायोगानं होण्याची शक्यता सुमारे 3 टक्के. कमी वाटतं ना? पण एवढ्याच वस्तीची हजार गावं घेतली तर पाणी कितीही शुद्ध असलं तरी तिसेक गावांत असा आकडा निघेल, आणि ठराव त्याच तीस गावांत होणार.

त्याआधी नऊची छाननी करा. निदान याच तीन वर्षांतलं आहे का? गावात राहतात का? तपासणीचा कागद आहे का? आणि कॅन्सर कोणकोणत्या अवयवाचे? तोंड, स्तन, आतडं असे वेगवेगळे असतील तर एकाच बोअरवर बोट ठेवणं अवघड.

सीनाकाठ

आशाताईंना घेऊन यादी केली. दोघांचं निदान आधीचं, उपचार चालू होते म्हणून आता डोळ्यांत भरले. एक जण कैक वर्षं पुण्यात आहे, जमीन फक्त इथं. एका बाईंची गाठ साधी निघाली, रिपोर्ट पाहिला. राहिले पाच: दोन तोंडाचे, एक स्तनाचा, एक गर्भाशयमुखाचा, एक अन्ननलिकेचा. तोंडाचे दोघंही गायछापवाले.

गेलेल्या चौघांतले दोन आधीच्या निदानातले. मग 'पाचातले दोन गेले' असं लिहू का?

आकडेमोड

अपेक्षा 4.3, झाले 5. पाच किंवा जास्त होण्याची शक्यता 43 टक्के, म्हणजे विशेष काही नाही. आधीचे दोघं 'सध्या आजारी असलेले' या खात्यात जातात. ते खातं नव्या पेशंटच्या खात्यात मिसळू नका. उपचार सुधारले की लोक जास्त जगतात, आणि रोग वाढला नसतानाही पेशंट वाढलेले दिसतात.

डॉ_निवांत

'पाचातले दोन' लिहू नका मास्तर. उरलेल्या तिघांचं पुढं काय होतंय ते अजून कळायचंय. कॅन्सरमध्ये निदानापासून पाच वर्षांनी किती जण हयात, असं मोजतात. त्यासाठी प्रत्येकाचा पाठपुरावा लागतो, आणि आपल्याकडं पेशंट गाव बदलतो, नंबर बदलतो.

ढोबळ मार्ग म्हणजे एका वर्षातले मृत्यू भागिले नवे पेशंट. ग्लोबोकॅन, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे देशवार अंदाज, त्याच्या 2022 च्या आकड्यांत भारतात 14.1 लाख नवे आणि 9.16 लाख मृत्यू, म्हणजे 0.65. अमेरिकेत हेच पावाच्या आसपास. आपला कॅन्सर जातीनंच जहाल असतो असं नाही, तो उशिरा सापडतो. तिकडं लवकर पकडलेले, कधीच जिवावर न बेतणारेही छेदात येतात, हाही भाग आहेच.

आता मृत्यूच नीट मोजले जात नाहीत. देशात डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले मृत्यू पाचात एक असतील नसतील. बाकी रजिस्टरला 'म्हातारपण'. म्हणून मिलियन डेथ स्टडी या देशभरातल्या मृत्यूंच्या अभ्यासात कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन नातेवाइकांना लक्षणं विचारली आणि त्या वर्णनावरून डॉक्टरांनी कारण ठरवलं. त्यात 30 ते 69 वयात कॅन्सरचे मृत्यू दर लाखी असे निघाले: ग्रामीण पुरुष 95.6, शहरी 102.4, ग्रामीण स्त्रिया 96.6, शहरी 91.2. जवळपास सारखेच! नोंदणीत मात्र खेड्यांचा दर शहरांच्या निम्म्यावर दिसतो. बार्शीलाईट, यावर काय म्हणाल?

बार्शीलाईट

आकडे मान्य, पण ते देशभरच्या खेड्यांचे आहेत. बहुतेक खेड्यांत आमच्यासारखं कुणी पारावर बसत नाही. मरणाचं कारण आठवणीवर काढलं की चुका दोन्ही बाजूंनी होतात. तरी काही भाग निसटण्याचा आहे, एवढं मानतो.

सोलवासी_पुणेकर

उलटं उदाहरण देते. इथं कोरियात थायरॉइडच्या कॅन्सरचं प्रमाण 1993 ते 2011 मध्ये पंधरापट झालं आणि मृत्यू होते तिथंच राहिले. तपासणी शिबिरांत गळ्याची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली होती, एवढंच. नुसता नव्या पेशंटचा आलेख पाहिला असता तर साथ आली म्हणाले असते.

डॉ_निवांत

म्हणून नवे पेशंट आणि मृत्यू शेजारी ठेवून बघायचे. मास्तर, तुमच्याच जिल्ह्यातला नमुना घ्या. 1999 पासून तिथं टाटा आणि नर्गिस दत्तच्या लोकांनी 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका घेऊन गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अभ्यास केला. एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी एकदाच केलेल्या 34 हजारांच्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरचे 34 मृत्यू, नेहमीच्याच सोयीवर सोडलेल्या 31 हजारांच्या गटात 64. फरक खात्रीनं दिसायला एवढ्या बायका लागल्या. 3200 वस्तीत तो कधीच दिसला नसता.

सीनाकाठ

आभारी आहे सगळ्यांचा. ठरावातून 'राज्यात सर्वाधिक' काढलं, उपसरपंच थोडे नाराज आहेत. आता मजकूर असा: बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी, तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंडाच्या, आणि बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीचं शिबिर आरोग्य केंद्रानं घ्यावं, मृत्यू नोंदवताना कारणाचा रकाना रिकामा ठेवू नये. शिबिर झाल्यावर पेशंटचा आकडा वाढलेला दिसेल, हे आधीच ठरावात लिहून ठेवू का?

आकडेमोड

लिहा, ठळक अक्षरात.

टवाळ_पाटील

आणि गायछापचं कलम राहिलं की मास्तर. का सरपंचांच्या खिशात पुडी आहे म्हणून?