क्युरी तापमानाच्या आधीची घसरण

लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला, म्हणजे त्याच्या क्युरी तापमानाला, एकदम नाहीसे होते, हे विधान अर्धेच खरे आहे. तापमान वाढते तसतशी अणूंच्या चुंबकीय आघूर्णांची (म्हणजे प्रत्येक अणूच्या सूक्ष्म चुंबकांची) समांतर रचना त्याच्या कितीतरी आधीपासून ढासळू लागते. ही घट सुरुवातीला अगदी मंद असते आणि क्युरी तापमानाजवळ मात्र आलेख कड्यासारखा कोसळतो, म्हणून ती अचानक झाल्याचा भास होतो. थंड केल्यावर प्रत्येक डोमेनमधील, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेल्या सूक्ष्म भागातील, आघूर्णे पुन्हा जुळतात, पण डोमेनच्या दिशा विखुरलेल्या राहिल्यामुळे बाह्य चुंबकीय क्षेत्राविना तो तुकडा पूर्वीसारखा चुंबक होत नाही. निओडिमियम चुंबकांचे क्युरी तापमान सुमारे ३१० अंश असूनही त्यांचे साधे प्रकार ८० अंशांच्या पुढेच कायमचे क्षीण होऊ लागतात. व्यवहारात, विशेषतः विद्युत मोटरसाठी चुंबक निवडताना, क्युरी तापमान नव्हे तर हा दुसरा आकडाच पाहावा लागतो.