स्टॉकफिशवर डाव तपासते, पण खेळ सुधारेना

निपाणी_वजीर: मुलगी बुद्धिबळाची तालुका स्पर्धा खेळते. डाव संपला की इंजिन (स्टॉकफिश, चाली तपासणारा प्रोग्राम) लावते, चुकांच्या लाल खुणा बघते, बंद. फोनपण तापतोय. काय बदलायचं ओ?

खानापूर_घोडा: आधी इंजिनाशिवाय डाव मांडायचा. जिथे वेळ जास्त गेला तिथे काय विचार केला होता ते वहीत लिहायला लावा. मग इंजिन, एकाच वेळी तीन ओळी, म्हणजे सगळ्यात चांगल्या तीन चाली, दाखवणारं. पहिल्या-तिसऱ्या चालीला इंजिन देतं त्या गुणांत ०.३ चाच फरक असेल तर सोडून द्या, आपल्या पातळीला तो कळत नाही. तिच्या चालीने गुणांचा आकडा दीड-दोनने पडला तिथेच थांबायचं. तिथे इंजिनाची चाल पाठ करू नका. मुलीचीच चाल खेळून समोरच्याचं उत्तर काय ते बघा. चूक त्या उत्तरात दिसते.

टिळकवाडी६४: फोनचं सोपं आहे. इंजिनाच्या सेटिंगमध्ये थ्रेड्स (एकाच वेळी किती कोर वापरायचे ते) दोन ठेवा. सगळे कोर लावले की फोन तापतो, प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि खोली (इंजिन किती चाली पुढचं बघतं ते) वाढत नाही. नाहीतर लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर सर्व्हरचं विश्लेषण मागा, फुकट आहे.

निपाणी_वजीर: सरावाला इंजिनाशीच खेळवू का?

खानापूर_घोडा: कमी लेव्हलवर नको. चांगलं खेळता खेळता मध्येच वजीर फुकट देतं, माणूस असा चुकत नाही. लीचेसवर माइया नावाचं इंजिन बघा, माणसांच्या डावांवरून शिकवलेलं आहे.

टिळकवाडी६४: राजा-प्याद्यांचा शेवट मात्र पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिशशीच खेळवा. जिंकणारी बाजू तिला द्या. एक चाल चुकली की बरोबरी, दयामाया नाही!