नागमोडी रेघ की आयत?

भोसरीचा पॅनेलवाला: ‘सर्किटच्या ड्रॉइंगमधले रेझिस्टरचे (विजेच्या प्रवाहाला रोध करणाऱ्या भागाचे) नागमोडी रेघेचे चिन्ह कालबाह्य आहे, पदविकेच्या वर्गातून ते काढून टाका,’ हे इथे काल केलेले विधान वाचून मला राग आला. आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय चिन्ह-मानकात रेझिस्टरसाठी आयत आहे हे मान्य, पण आमच्याकडे जर्मन यंत्राबरोबर आयताची ड्रॉइंग येते आणि अमेरिकन यंत्राबरोबर नागमोडीची. अमेरिकन लॅडरमध्ये (शिडीसारख्या मांडणीच्या कंट्रोल ड्रॉइंगमध्ये) एनओ म्हणजे एरवी उघडा असणारा संपर्क दोन उभ्या समांतर रेघांनी दाखवतात. केवळ आयईसी शिकलेल्या आमच्या नव्या मुलाने त्यांना कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग, त्याचे चिन्हही दोन समांतर रेघा) समजून अर्धा दिवस पॅनेलमध्ये कपॅसिटर शोधण्यात घालवला.

पदविकेची अध्यापिका: ते विधान माझेच आहे, आणि आपल्या उदाहरणाने त्याला बळच मिळते. एका वस्तूला दोन चिन्हे असली की असेच होणार. जपाननेही १९९० च्या दशकात नागमोडी सोडून आयत स्वीकारला, आणि अमेरिकेचे आयईईई ३१५ हे चिन्ह-मानक सुद्धा २०१९ पासून निष्क्रिय आहे.

रेडिओ दुरुस्तीवाला: चिन्हावर एवढे भांडता, पण खरा घात दशांशचिन्ह करते. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ४.७ के (किलो-ओहम, रेझिस्टरचे मूल्य) मधले टिंब उडाले, मी ४७ के बसवला आणि अँप्लिफायरने दोन दिवस माझा जीव खाल्ला. ४के७ असे लिहिले असते तर उडायला टिंबच नव्हते.

पदविकेची अध्यापिका: अगदी बरोबर, आणि जर्मन ड्रॉइंगमध्ये तर टिंबाच्या जागी स्वल्पविराम असतो.

भोसरीचा पॅनेलवाला: कृपया विषय बदलू नका. मॅडम, लॉजिक गेटचे (अँड, ऑर अशा तार्किक क्रिया करणाऱ्या सर्किटांच्या चिन्हांचे) काय? सगळे गेट चौकोनी केले, तर आतले चिन्ह वाचेपर्यंत अँड कोणता आणि ऑर कोणता हे कळत नाही. म्हणूनच आयईईई ९१ या मानकाने १९८४ मध्ये चौकोनी आणि जुने वेगवेगळे आकार अशी दोन्ही रूपे ठेवली.

पदविकेची अध्यापिका: गेटपुरते मान्य करते, फळ्यावर मीही जुनेच आकार काढते. परंतु माझ्या विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत रेझिस्टरसाठी आयत काढला म्हणून परीक्षकाने गुण कापले, त्याचे काय?

भोसरीचा पॅनेलवाला: ते चूकच झाले. पण नागमोडी हद्दपार केलीत, तर उद्या ती काढणाऱ्याचे गुण कापले जातील.

रेडिओ दुरुस्तीवाला: आणि आयत म्हणजे रेझिस्टरच, असे तरी कुठे आहे? जुन्या युरोपीय ड्रॉइंगमध्ये भरीव आयत म्हणजे कॉइल (तारेचे वेटोळे) असते. फिकट झेरॉक्समध्ये तो पोकळ दिसला, तर मी काय बसवायचे?