फात्तोरीला 'इटलीचा मोने' म्हणणं थांबवा

तेलपाणी

परवा इथेच 'फ्लॉरेन्समध्ये दोन दिवस' या लेखात वाचलं: "पित्ती राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर जोव्हान्नी फात्तोरी बघा. इटलीचा मोने! फ्रेंचांच्या आधी इम्प्रेशनिझम करून बसलेला, पण पॅरिसने दाबून टाकलेला बिचारा." तिथे दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो. बसवलं नाही, म्हणून हा धागा.

एक तर फात्तोरी १८२५ चा, फ्रेंच इम्प्रेशनिस्ट मोने १८४०चा. पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला धाकट्याच्या नावाने का ओळखायचं? दुसरं, फात्तोरी आणि त्याची चित्रकार मंडळी मोनेसारखा प्रकाशाचा भुगा करत नव्हती. उजेडाच्या पट्ट्याला सावलीचा पट्टा भिडवायचा, मधली कड पक्की ठेवायची, हे त्यांचं काम. 'रोटोंडा' बघा, १८६६ ची. १२ बाय ३५ सेंमीची लाकडी फळी, शाळेतल्या फूटपट्टीहून जेमतेम लांब. वर छत, खाली सावलीत बसलेल्या बायका, मागे समुद्राची पट्टी. काहीही थरथरत नाही. एकेक बाई कात्रीने कापून काढता येईल.

आणि 'बिचारा' कसला? १८५९ ला टस्कनीच्या रिकासोली सरकारच्या चित्रस्पर्धेत निवडला गेलेला माणूस. त्यातून माजेंताच्या लढाईवरचं साडेतीन मीटर रुंद चित्र झालं. १८६९ पासून फ्लॉरेन्सच्या अकादमीत मास्तर. तिसरं आणि मुख्य: त्याला स्वतःला इम्प्रेशनिस्ट सहन होत नव्हते. मित्र दिएगो मार्तेल्लीने १८७८ ला पॅरिसहून इम्प्रेशनिस्ट पिसारोची दोन चित्रं फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनाला पाठवली, तिथल्या मित्रांनी नाकं मुरडली. १८९१ ला स्वतःचेच विद्यार्थी तिकडे झुकले तेव्हा त्याने लिहून झापलं, की इतिहास तुमची नोंद पिसारो आणि माने (मोने नव्हे, दुसरा फ्रेंच चित्रकार) यांचे नोकर म्हणून करेल. अशा माणसाला आपण मोनेच्या दावणीला बांधतोय.

गच्चीवरची

तो लेख माझा. नाव घ्यायचं टाळलंत, आभार.

दोन दिवसांसाठी आलेला माणूस उफिझी संग्रहालयाच्या रांगेत उभं राहून अर्धमेला झालेला असतो. त्याला "उजेडाच्या पट्ट्याला भिडलेला सावलीचा पट्टा" सांगितला तर तो पित्तीचे जिने चढेल की आइस्क्रीम खायला जाईल? माझ्या सासूबाईंना मोने माहीत आहे, कारण त्यांच्या डॉक्टरांकडच्या कॅलेंडरवर कमळं आहेत. त्या शब्दावर त्या वर आल्या आणि रोटोंडापुढे दहा मिनिटं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ऊन केवढं आहे गं बाहेर!" चित्रातल्या उन्हाबद्दल. तुमच्या व्याख्यानाने हे झालं असतं?

राहिला 'बिचारा'. पहिली बायको सेत्तिमिया १८६७ ला क्षयाने गेली. पैशांची ओढाताण म्हातारपणापर्यंत. अकादमीतल्या मास्तरकीत काय मिळतं ते एखाद्या चित्रकला शिक्षकाला विचारा.

तेलपाणी

सासूबाईंना दंडवत, त्यांनी बरोब्बर पाहिलं. पण ते त्यांनी मोनेमुळे नाही, डोळ्यांमुळे पाहिलं.

दोनबी पेन्सिल

चित्रकला शिक्षकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या सरावात मी वांग्याची सावली एका फटक्यात सपाट जांभळी लावली. सरांनी कागद वर्गाला दाखवला: "हे बघा, याने डाग पाडलाय." वर्ग हसला. 'सी' मिळाली. नंतर बऱ्याच वर्षांनी वाचलं, की 'माक्किया' म्हणजे डागच, आणि १८६२ ला एका वर्तमानपत्राने फात्तोरीच्या या मंडळींना माक्कियायोली म्हटलं ते टिंगल म्हणूनच. त्यांनी ते नाव मिरवलं. मी वांगी खायचंसुद्धा सोडलं.

नुसताच वाचक

'माक्किया' म्हणजे झुडपाचं रानही. रानात पळालेला फरारी असाही वास त्या शब्दाला आहे. म्हणजे 'डागवाले' हे अर्धंच भाषांतर.

रंकाळ्याचा वारा

थोडं अवांतर. फ्लॉरेन्सबद्दल इतकं लिहिताय आणि आमच्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा उल्लेख नाही? विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले, जेमतेम विशीतले. काशिने बागेच्या टोकाला आर्नो आणि मुन्योनेच्या संगमावर दहन झालं. १८७४ ला तिथे छत्री उभी राहिली, शिल्पकार फुलरने केलेला अर्धपुतळा आत. आराखडा मँटचा, ज्याने पुढे आमचा नवा राजवाडा बांधला. शेजारच्या पुलालाही 'इंडियानो' नाव आहे. मराठी माणूस जातो आणि मोने शोधतो!

गच्चीवरची

काका, बाग गावाच्या पार टोकाला आहे. दोन दिवसांत...

रंकाळ्याचा वारा

मी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सहा महिन्यांत गेलो होतो. चालत. हार घेऊन. फ्लॉरेन्सात हार मिळत नाही, गुलाबं घेऊन दोऱ्यात ओवली.

तेलपाणी

काका, आदर आहे, पण धागा फात्तोरीचा आहे.

रंकाळ्याचा वारा

मग फात्तोरीचंच घ्या. तो तेव्हा त्याच गावात होता ना? इटलीची राजधानी तेव्हा फ्लॉरेन्स, परदेशी राजाचं नदीकाठी दहन, चर्चा झालीच असणार. त्याने काढलंही असेल चित्र. तुम्ही लोक शोधत नाही.

तेलपाणी

'असेल'वर इतिहास चालत नाही! उद्या माक्कियायोलींच्या अड्ड्यावर, मिकेलांजोलो कॅफेत महाराजांनी कॉफी घेतली म्हणाल.

रंकाळ्याचा वारा

वय पाहून बोला.

नुसताच वाचक

दोघेही जरा थांबा. महाराजांचं चित्र नाही, पण बाग एकच आहे. १८५९ ला फ्रेंच फौजेचा तळ काशिनेत पडला होता, आणि फात्तोरी तिथे जाऊन छोट्या फळ्यांवर सैनिक टिपत होता. पाठमोरे, कंटाळलेले, उन्हात नुसते उभे. त्याचं पुढचं सगळं तिथून निघतं. 'माजेंता' स्पर्धा लढाईची होती, याने काढलं काय? लढाई संपल्यावरचं मैदान, जखमी आणि शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी. आणि १८८० च्या सुमाराचं ते चित्र: रिकिबीत पाय अडकलेला माणूस, घोडा उधळलाय, मागे रस्त्यावर रक्ताची रेघ. मोने हे काढेल? 'इटलीचा मोने'वर माझा आक्षेप तंत्राचा नाही, या रेघेचा आहे.

दोनबी पेन्सिल

+१. ती रेघ पाहून मला आमचे सर आठवले. डाग पाडलाय.

तेलपाणी

मान्य, माझ्या तीन मुद्द्यांपेक्षा हा एक बरा आहे. मी स्वतःच तंत्रात अडकलो. काका, आवाज चढला, माफी. पुढच्या वेळी काशिनेला जाईन.

रंकाळ्याचा वारा

गुलाबं आधी घ्या, तिथे आसपास मिळत नाहीत.

गच्चीवरची

लेखातून 'इटलीचा मोने' काढलंय. 'लिव्होर्नोचा फात्तोरी' केलंय, आता कोण जिने चढतं ते बघूया. 'बिचारा' मात्र राहील.

रंकाळ्याचा वारा

आणि छत्री कधी टाकताय?

गच्चीवरची

टाकते, काका. 'दोन दिवस'चं 'अडीच दिवस' करते.