मदत हवी आहे: नद्यांच्या कोड्यातली 'मात्रा' कशी मोजायची?

पुण्यातल्या एका मिस्ट्री जिओकॅशवर (आधी कोडं सोडवून अक्षांश-रेखांश काढायचे, मग जीपीएसने लपवलेली डबी शोधायची, असा खेळ) दोन आठवडे अडकलोय. नकाशावरचा बिंदू संगम पुलाजवळ आहे, पण तो नुसता दाखवायचा. खरी डबी तिथून साधारण ३ किमीच्या आत असणार. उत्तराचा साचा: उ. १८° ३१.कखग, पू. ०७३° ५१.घचछ.

खुणा क्रमाने अशा: पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, मोरया गोसावींची समाधी, आळंदी. प्रत्येकीची नदी ओळखायची, नावावरून एक अंक काढायचा. नद्या आंबी, मोसे, मुठा, मुळा, पवना, इंद्रायणी. इथवर शंका नाही. (पानशेतला मी आधी मुठा धरून बसलो होतो, ते सोडा.)

सहा अंकांची बेरीज २५ यायला हवी. अक्षरं मोजली तर २+२+२+२+३+४, म्हणजे १५. रोमन स्पेलिंगची अक्षरं मोजली तर ३२. धरणांची उंची वगैरेचा संबंध नाही, हे कोडं घालणाऱ्याने आधीच सांगितलंय. त्याला विचारलं तर एवढंच उत्तर आलं: "मात्रा लागू पडेल."

आता ही मात्रा काना-वेलांटीची की वृत्तांतली लघु-गुरूची? शाळेत वृत्तं मी ऑप्शनला टाकली होती, त्याची फळं भोगतोय.

तयार आकडे किंवा जागा कृपया इथे लिहू नका, बाकीच्यांची मजा जाईल. फक्त पद्धत हवी. आणि खडकवासल्यातून पाणी सोडायच्या आत जायचंय. नदीकाठची जागा निघाली तर मग पंचाईत.

लघु-गुरूच असेल, तर 'इंद्रायणी'तल्या 'इं'ची मात्रा एक धरायची की दोन?