'बोनाफाईड' नवरा: मराठीत काय म्हणाल?

पाणपोई:
मित्रांना दाखवायला म्हणून 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) या सिनेमाची मराठी उपशीर्षकं करतोय. कोएन बंधूंनी होमरचं ग्रीक महाकाव्य ओडिसी उचलून १९३७च्या मिसिसिपीत नेऊन टाकलीय. नायक एव्हरेट कैदेतल्या साखळदंडातून पळून घरी पोचतो, तर बायको पेनीचं दुसरं लग्न ठरलेलं. मुलींना सांगून ठेवलंय की बापाला आगगाडीनं उडवलं. नव्या माणसाचं कौतुक काय, तर तो 'बोनाफाईड' आहे. मी शब्द तसाच ठेवला. आईनं वाचून विचारलं, "कुठल्या शाळेचं?" आता?

शुद्धमती:
शब्द आहे की. 'सद्भावपूर्वक'. कायद्याच्या मराठीत रुळलेला आहे. लॅटिनमध्ये 'बोना फिदे' म्हणजे 'चांगल्या विश्वासानं'. मुळात क्रियाविशेषण, विशेषण नंतर झालं.

उंडगा:
सद्भावपूर्वक नवरा! पेनीला भूसंपादनाची नोटीस आलीय का? तिच्या तोंडी 'रीतसर' शोभेल. 'तो रीतसर आहे. तुमचं काय?'

चिवडाकाका:
माझ्या मते आपला 'फिदा' याच 'फिदे'तून आला. विश्वास बसला की माणूस फिदा होतो.

शुद्धमती:
काका, 'फिदा' अरबी. जीव ओवाळून टाकणे. काही संबंध नाही.

चिवडाकाका:
अरबांनी रोमनांकडून घेतला नसेल कशावरून?

टीसीवाला:
आईंचा प्रश्न बरोबर आहे हो. एसटीचा पास म्हटलं की बोनाफाईड. आमच्या शाळेतले कारकून तीन हेलपाटे घातल्याशिवाय द्यायचे नाहीत, आणि हातात पडेपर्यंत महिना संपलेला. पण गंमत बघा, बोनाफाईड म्हणजे पोरगं अजून शाळेत आहे, आणि टीसी म्हणजे गेलं. पेनीनं नव्याला बोनाफाईड दिलं नि एव्हरेटच्या हातात टीसी ठेवली. याहून चांगलं भाषांतर होणार नाही, तसंच ठेवा.

शुद्धमती:
टीसी काय, बोनाफाईड काय. 'दाखला' म्हणायला जीभ झडते का?

उंडगा:
'दाखला' तरी कुठला आपला? 'दाखल'चा भाऊ, तोही अरबीच. फिदाच्याच गाडीनं आलेला.

शुद्धमती:
तो तीनचारशे वर्षं मुरलाय. फरक आहे.

उंडगा:
म्हणजे बोनाफाईडनं अजून अडीचशे वर्षं रांगेत उभं राहायचं?

म्हापशेकार:
आमच्या गोंयात पोर्तुगीज कायद्यातला 'बोआ फे' आहे, म्हणजे तीच लॅटिन गोष्ट. पण जावयाला कोणी तसं म्हणत नाही. जावयाला 'बरो मनीस' म्हटलं की पुरे.

ओवी:
सगळे 'बोनाफाईड'लाच धरून बसलात. 'सूटर'चं, म्हणजे लग्नाला मागणी घालणाऱ्याचं, काय केलंत? मुली नव्या माणसाला तसंच म्हणतात ना? ओडिसीत नायकाची बायको पेनेलोपी, तिच्या दारात असे १०८ जण बसलेत. 'वर' म्हणजे निवडलेला, हे तर अजून ताटकळत आहेत. 'इच्छुक' म्हणावं तर झेडपीचं तिकीट मागणारे वाटतात. मी 'स्थळ' म्हणेन. 'चांगलं स्थळ आहे' यात बोनाफाईडसुद्धा आलंच.

उंडगा:
स्थळ पहिल्या लग्नाला. पेनी काडीमोड घेतलेली, म्हणजे हे दुसरं लग्न, 'पाट'. आमची आजी 'म्होतूर' म्हणायची.

शुद्धमती:
पाट विधवेचा.

उंडगा:
काडीमोड झालेलीचाही. आणि मुलींच्या लेखी बाप आगगाडीखाली गेलाच आहे, म्हणजे विधवाही चालेल.

टीसीवाला:
एव्हरेट तुरुंगात कशाला गेला होता ते विसरलात. परवाना नसताना वकिली केली म्हणून! आणि बायकोला परत मिळवायला म्हणतो, दातांचा डॉक्टर होतो, परवाना छापून देणारा माणूस ओळखीचा आहे. अख्खी भानगडच कागदाची आहे. 'रीतसर' घातलंत तर शाळेचा कागद जातो, 'स्थळ' घातलंत तर सगळंच जातं.

चिवडाकाका:
ओडिसीत धनुष्य वाकवतात, म्हणजे हे आपलं स्वयंवरच झालं. पण तिथं नवराच येऊन जिंकतो, मग त्याला स्वयंवर म्हणायचं का?

ओवी:
यावर वेगळा धागा काढा काका.

पाणपोई:
मंडळी, परवा दाखवायचाय. ओळीत पस्तीसेक अक्षरं बसतात. शिवाय आई आता विचारतेय, म्होतूर आणि पाट एकच का?

म्हापशेकार:
आमच्याकडे पाट म्हणजे पाण्याचो.