लहानपणीची पुस्तकं पुन्हा उघडू नयेत, राहिलेली कार्टून्स मात्र बघून घ्यावीत

सायकलची_घंटी (धागाकर्ता)

दिवाळीत गावी माळा आवरताना भा. रा. भागवतांची फास्टर फेणेची चार पुस्तकं हाताला लागली. एकाचं मुखपृष्ठ उंदरांनी खाल्लेलं, दुसऱ्यावर माझ्याच अक्षरात 'हे पुस्तक ढापणाऱ्याला पाप लागेल' असं लिहिलेलं. आवराआवर राहिली बाजूला, तिथेच जिन्यावर बसून वाचायला घेतलं.

आणि खरं सांगतो, मजा आली नाही. फुरसुंगीचा बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, तसाच आहे, किडकिडीत, सायकलवर टांग टाकलेला, तोंडात 'ट्टॉक्'. पण हा पोरगा नेमक्या वेळी नेमक्या जागी कसा काय टपकतो, हा प्रश्न मला विसाव्या पानापासून छळायला लागला. बाराव्या वर्षी तो पडला नव्हता. चव्वेचाळिसाव्या वर्षी पडला आणि मग पडतच राहिला. तेव्हा आठवडाभर पुरणारं पुस्तक पाऊण तासात संपलं. उरलेली तीन मी उघडलीच नाहीत. जुन्या कपड्यात गुंडाळून परत माळ्यावर टाकली.

म्हणून माझं मत मांडतो: लहानपणीची पुस्तकं पुन्हा वाचू नयेत. वाचली की पुस्तकही जातं आणि त्याची आठवणही जाते. त्यापेक्षा तेव्हा जे राहून गेलं ते आता बघावं, त्यात गमवायला काही नाही.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. ९३ साली दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, तो शेजारच्या काकूंकडे भिंतीला टेकून बघायचा, आणि त्यांच्याकडे पाहुणे आले की तोही बुडायचा. केबल आमच्या गल्लीत आली तोवर मी अकरावीला होतो, म्हणजे कार्टून बघणं लाज वाटण्याच्या वयात. ही सगळी थकबाकी मी आता वसूल करतोय. गेल्या दोन महिन्यांत 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'चे सगळे ६१ भाग पाहिले. २००५ ते २००८ मध्ये आलेली मालिका, मी बघतोय आत्ता. त्यात एक म्हातारा सेनापती आहे, आयरो. मुलगा लढाईत गेलेला, स्वतः परागंदा, परक्या शहरात चहाच्या दुकानात राबतोय. एका भागात तो दिवसभर अनोळखी लोकांची दुखणी निस्तरतो, रडणारं पोर गप्प करतो, लुटायला आलेल्या चोराला नीट उभं राहायला शिकवतो, आणि संध्याकाळी टेकडीवर झाडाखाली मुलाची तसबीर मांडून गाणं म्हणतो. त्या दिवशी मुलाचा वाढदिवस असतो. पंधराव्या वर्षी हे पाहिलं असतं तर चोराला हसून मोकळा झालो असतो. परवा बायकोने दिवा लावला तेव्हा मी डोळे पुसत होतो.

बोला.

लिमलेटची_गोळी

साफ असहमत. तुमच्याच लेखात तुमची चोरी पकडली गेलीय.

आठवडाभर पुरणारं पुस्तक पाऊण तासात संपलं, हे पुस्तकाचं अपयश कसं? तेव्हा लायब्ररीतून पुढचं पुस्तक शनिवारीच मिळायचं, म्हणून ते पुरायचं. तुम्ही ते पुन्हा पुन्हा वाचायचात, मित्राला सांगायचात, पुढे काय झालं असतं याच्या थापा मारायचात. आता शनिवार उरला नाही, त्याला भागवत काय करणार? आणि ६१ भाग दोन महिन्यांत? म्हणजे सरासरी रोज एक, शनिवार-रविवारी बहुधा चार. तो आयरो तुम्हाला तिसाव्या वर्षी भेटला असता आणि साठाव्या वर्षी पुन्हा बघितलात, तर तेव्हा येऊन सांगा काही गेलं की नाही.

मी बंगळुरूत असते. लेक नऊ वर्षांची, मराठी बोलते फाडफाड, वाचते मात्र अडखळत. तिला रोज झोपताना फास्टर फेणेचं एकच प्रकरण मोठ्याने वाचून दाखवते. 'ट्टॉक्' मनातल्या मनात वाचून काही होत नाही, ते जीभ टाळूला लावून काढावं लागतं. आता घरात गाडीची किल्ली सापडली तरी ट्टॉक् होतं. 'फुरसुंगी' या नावावर ती दोन दिवस हसत होती. खरंच असं गाव आहे हे तिला पटेना, शेवटी नकाशात दाखवलं. योगायोगांबद्दल तिने अजून तक्रार केलेली नाही. तुम्ही पुस्तक वाचत नव्हतात हो, तपासत होतात.

निवृत्त_पोस्टमास्तर

लिमलेटताईंशी अर्धा सहमत. पुस्तकं पुन्हा वाचावीत. मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि चांदोबाचे जुने अंक अजून वाचतो. पण धागाकर्त्याचा दुसरा मुद्दा मुळातच मान्य नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने कार्टून बघत रडावं? पुस्तकात राक्षस आला की तो आपला आपण उभा करावा लागतो. पडद्यावर तो आयता शिजवून वाढलेला असतो. आयतं खाणाऱ्याचं डोकं सुस्तावतं. आमच्या घरी नातू आहे, रोज बघतो आहे मी.

रद्दीतलं_सोनं

पोस्टमास्तर काका, आदर ठेवून विचारतो: चांदोबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? खांद्यावर प्रेत, हातात तलवार, स्मशानातून चाललेला विक्रम. बरोबर? तो तुम्ही उभा केलेला नाही. तो शंकर या चित्रकाराने काढून दिलेला आहे. चांदोबा मद्रासहून यायचा. मूळ अंक १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला, मराठी आवृत्ती १९५२ ची. शंकर २०२० साली गेले, तोपर्यंत तीन पिढ्यांच्या डोक्यात त्यांचाच विक्रम चालत होता. म्हणजे आयतं तुम्हीही खाल्लंय, फक्त तुमचं हलत नव्हतं.

निवृत्त_पोस्टमास्तर

चित्र एकच होतं. बाकीचं चालणं आम्ही चालवलं.

रद्दीतलं_सोनं

हे मात्र मान्य. छान बोललात.

तीन_शिट्ट्या

'कार्टून म्हणजे लहान मुलांचं' या समजाची आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या बहिणीने तिच्या सहा वर्षांच्या मुलाला सुट्टीत 'जपानी कार्टून आहे, बघ' म्हणून एक सिनेमा लावून दिला आणि स्वतः कुरडया घालायला गच्चीवर गेली. सिनेमा होता 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. दुसरं महायुद्ध, कोबे शहरावर बॉम्ब, आई गेलेली आणि भाऊ-बहीण उपासमारीने एकेक करून संपतात. ती खाली आली तर पोर हुंदके देत होतं आणि पुढे चार दिवस ताटात भाताचं शीत टाकत नव्हतं. गंमत अशी की १९८८ साली जपानमध्ये तो 'माय नेबर टोटोरो'सोबत जोडीने दाखवला होता. एका बाजूला तो गुबगुबीत टोटोरो आणि दुसऱ्या बाजूला हे! तेव्हा काका, आयतं वाढलेलं पचायला सोपं असतं असं काही नाही.

धोंडोपंत_ऑन_ड्यूटी

मला धाग्याचा दुसरा अर्धा भाग जास्त खटकला. ही 'थकबाकी वसूल करणं' म्हणजे निव्वळ हिशेबीपणा. ऑफिसातली पोरं म्हणाली 'वन पीस' ही जपानी कार्टून मालिका बघा. भाग किती? अकराशेच्या वर. भागाला चोवीस मिनिटं धरली तरी चारशे चाळीस तास, रोज एक बघितला तर तीन वर्षं, आणि कथा अजून संपलेली नाही, मूळ चित्रकथा १९९७ पासून चालूच आहे. मग एक जण म्हणतो दीडपट वेगाने बघा, दुसरा म्हणतो अमुक भाग गाळा, त्यात नुसतं पाणी घातलंय. अहो, हा आनंद आहे की अभ्यासक्रम? लहानपणी सुटलं ते सुटलं. सुटण्यातही मजा होती. मोगलीचे मी जे भाग चुकवले ते माझ्या भावाने स्वतःच्या मनाने रचून सांगितले होते आणि मला अजून तेच खरे वाटतात.

संत्राबर्फी

नागपूरकर इथे. मोगलीचा विषय निघालाय तर राहवत नाही. मोगलीची गोष्ट लिहिणाऱ्या किपलिंगचं शिवनी म्हणजे आमच्यापासून गाडीने तीन तासांच्या आतलं, पेंचचं जंगल तर अर्धं आपल्याच राज्यात. आणि आम्हाला हे कळलं कधी? जपान्यांनी ५२ भागांची मालिका काढली, दूरदर्शनने ती हिंदीत आणली, शेरखानला नाना पाटेकरचा आवाज दिला, तेव्हा. आपल्या उशापायथ्याचं रान इंग्रज माणसाने लिहिलं आणि जपान्याने रंगवलं. आम्ही वर्गात एकमेकांना 'तू शेरखान' म्हणायचो आणि पेंचची सहल म्हणजे डबा खायची जागा समजायचो. मोठेपणी मूळ पुस्तक वाचलं तर मालिकेपेक्षा कितीतरी रांगडं निघालं. त्यामुळे पुन्हा वाचणं की राहिलेलं बघणं, असा वाद माझ्याबाबतीत होतच नाही. मी आधी बघितलं आणि मग वाचलं.

कवटीछाप_अंगठी

इंद्रजाल कॉमिक्सवाला कुणी बोलला नाही म्हणून मी बोलतो. १९६४ ते १९९०, आठशेच्या वर अंक, मराठीतही निघायचे. माझ्याकडे दोनशेच्या आसपास आहेत. त्यातला वेताळ (इंग्रजीतला फँटम, विक्रमाच्या पाठीवरचा नव्हे) मी दरवर्षी पावसाळ्यात पुन्हा वाचतो. आणि धागाकर्त्याला जे झालं त्याहून वाईट मला झालंय. लहानपणी त्याची कवटीची गुहा दिसायची. आता दिसतो एक गोरा माणूस, पिढ्यानपिढ्या जंगलाचा धनी, आणि त्याच्या शब्दाबाहेर न जाणारे 'बांदर' जमातीचे बुटके लोक. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण खेळताना मी स्वतः वेताळ व्हायचो आणि धाकट्या भावाला बांदर करायचो.

तरीही वाचतो. दिसलं म्हणून फेकून द्यायचं असेल तर निम्मं बालपण रद्दीत जाईल.

लिमलेटची_गोळी

मग अशी पुस्तकं बदलून छापावीत का? २०२३ मध्ये इंग्लंडात रोआल्ड डाल या बालसाहित्यिकाच्या पुस्तकांत 'जाडा'च्या जागी 'अवाढव्य' वगैरे केलं, त्यावर केवढा गदारोळ झाला. शेवटी प्रकाशकाला जाहीर करावं लागलं की जुनी आवृत्तीही छापत राहू. माझं मत, अजिबात बदलू नये. जसं लिहिलं तसं द्यावं आणि शेजारी बसून सांगावं.

कवटीछाप_अंगठी

ताई, तुम्ही म्हणता ते 'जसं लिहिलं तसं' आपल्याला मिळालं होतं कुठे? मूळ अमेरिकन पट्ट्यांत वेताळाचा देश बंगालच्या नावाशी मिळताजुळता होता. इंद्रजालने तो डेंकाली केला. वेताळाचे पिढीजात वैरी असलेले समुद्री चाचे मूळचे 'सिंग', ते इथे 'सिंगा' झाले. म्हणजे आम्ही जे अस्सल म्हणून छातीशी धरून बसलोय ते मुंबईत कुणीतरी टेबलावर दुरुस्त केलेलं आहे. आणि दुरुस्ती बघा कशी: आपल्याला झोंबेल तेवढं पुसलं, बांदर होते तसेच राहिले. त्यांच्या बाजूने पत्र लिहायला कोण होतं?

लिमलेटची_गोळी

हे मला माहीत नव्हतं. विचार करते.

रद्दीतलं_सोनं

या सगळ्यात मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे. 'राहिलेलं बघा' म्हणता, पण यादीत मराठी काय आहे? मुलांच्या 'टिंकल' मासिकातला शिकारी शंभू, टोपी डोळ्यांवर ओढलेला, तो काढला वसंत हळबे यांनी. त्यातलाच सुपांडी राम वाईरकरांचा. प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेसाठी काय काय काढलं आणि पुढे हिंदी कॉमिक्समधला नागराजही गाजवला. चित्रांच्या कॉमिक्सची एवढी मोठी माणसं आपली, आणि मूळ मराठीत वर्षानुवर्षं चालणारी कॉमिक्स 'चिंटू'सारखी अगदी मोजकी. मुलांच्या मासिकांवर सगळा भार. त्यातल्या त्यात 'किशोर'चं कौतुक. बालभारतीने १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर फुकट उघडे करून ठेवलेत. राहिलेलं बघायचंच असेल तर तिथून सुरुवात करा.

धोंडोपंत_ऑन_ड्यूटी

आपल्याकडे कॉमिक काढायचं म्हटलं की आधी शिवचरित्र काढतात आणि मग थांबतात.

तीन_शिट्ट्या

२०१७ च्या फास्टर फेणे चित्रपटाचं कुणी नाव काढलं नाही. बन्याला मोठा केला, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या भानगडीत घातला, आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत म्हणून आले. मला आवडला. कुणाच्या आठवणीला हात न लावता नवीन काही केलं.

सायकलची_घंटी (धागाकर्ता)

सगळं वाचलं. लिमलेटताई, शनिवारचा मुद्दा लागला, नाकारत नाही. अंगठीवाले, तुमचं वाचून मात्र माझं मत आणखी पक्कं झालं. आता मी वेताळ उघडणार नाही, मला ती गुहा तशीच हवी आहे. हा पळपुटेपणा असेल तर असो. धोंडोपंत, तुमच्या भावाने रचलेले मोगलीचे भाग इथे लिहून काढा, त्यावर वेगळा धागा होईल.

फेणेची उरलेली तीन पुस्तकं कुणाला मुलांना वाचून दाखवायला हवी असतील तर देऊन टाकतो. त्या पापाच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करावं.

लिमलेटची_गोळी

मला. पोस्टाचा खर्च माझा. व्यक्तिगत निरोप पाठवते.

निवृत्त_पोस्टमास्तर

रजिस्टर्ड पाठवा.

आणि तो चहावाल्या म्हाताऱ्याचा भाग नेमका कितवा? नातवाला विचारलं तर म्हणतो, आजोबा, मधलाच एक बघून काही कळणार नाही, पहिल्यापासून बघावं लागेल.

सायकलची_घंटी (धागाकर्ता)

दुसऱ्या पर्वातला पंधरावा, काका. पण नातू बरोबर सांगतोय.

निवृत्त_पोस्टमास्तर

काल पहिला बघितला. बर्फात गोठलेलं पोर निघालं. लगेच दुसरा लाव म्हटलं, तर म्हणतो शाळा आहे, उद्या.